अपुऱ्या मापाचं गाणं

२ मार्च

निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी ही दैनंदिनी भेट दिली. "साहेब, आता तुम्हाला वेळच वेळ," असं म्हणताना बडा कारकून जरा जास्तच हसला. मी त्याला जन्मात कधी लागोपाठ दोन रजा दिल्या नव्हत्या. असो. कोरी वही वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

वजनमापे निरीक्षक म्हणून उभं आयुष्य गेलं. मी दुकानात पाऊल टाकलं की दुकानदाराच्या हातातला तराजू आपोआप सरळ व्हायचा. आता स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की सौ. म्हणते, "अहो, मध्ये उभे राहू नका, तेल उडेल." मग मी या खोलीतून त्या खोलीत जातो आणि तिथेही कुणीतरी केर काढत असतं.

आजची नोंद करण्याजोगी गोष्ट एकच. दुपारी आईस्क्रीमची गाडी आली. नोकरीत असताना ती फक्त सुट्टीच्या दिवशी भेटायची. आता रोज भेटेल या विचाराने मला जो आनंद झाला तो साठीच्या माणसाला शोभणारा नव्हता, म्हणून सौ.ला दाखवला नाही.

५ मार्च

या गाडीवर माझं प्रेम अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासूनचं आहे. तेव्हा ती थोरला थंडोबा चालवायचा, आता त्याचा मुलगा चालवतो. त्यालाही सगळे थंडोबाच म्हणतात. खरं नाव काय ते त्यानेही आता सोडून दिलं असावं. स्वभाव असा की डोक्यावर छत कोसळलं तरी "बघू" म्हणेल.

गाडीच्या टपावर पत्र्याची पेटी आहे. आत किल्लीवर चालणारं वाद्य. खुंट्यांचा रूळ फिरतो, पोलादी फणीचे दात छेडतो आणि कर्ण्यातून गाणं येतं. टिंग टिंग टिडिंग, टिंग टिंग टिडिंग, टिंग टिडिंग... आणि इथे ते थांबतं, कारण फणीचा शेवटचा दात माझ्या आठवणीत कधीच नव्हता. मग कुठल्यातरी खिडकीतून कुणीतरी तो सूर स्वतःच्या गळ्याने पुरा करतं: "ट्याँव!" लहानपणी हा मान मिळावा म्हणून मी आणि ताई एकमेकांची तोंडं दाबायचो.

एकदा मला गोवर आला होता. आईने खिडकी लावून घेतली होती. गाडी आली, तसा मी अंथरुणातून उठून खिडकीच्या फटीला तोंड लावून कसंबसं "ट्याँव" केलं. बघतो तर गाडी थांबलेली! थोरला थंडोबा जिना चढून वर आला आणि आईच्या हातात कप ठेवून गेला. वर आजारी पोर आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. काही माणसांना आतूनच कळतं.

आजही एवढ्या इमारती सोडून गाडी बरोबर आमच्या खिडकीखाली थांबते. सौ. दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते आणि दोन कप वर येतात. हा माझ्या हुद्द्याचा मान. निवृत्तीनंतरही थंडोबाने तो राखला याचं मला मनापासून बरं वाटलं. गाडी वळणावर आली की स्वयंपाकघरातून सौ.चा बारीकसा "ट्याँव" ऐकू येतो. या वयात! मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

९ मार्च

आज टोपली न सोडता मी जातीने खाली उतरलो. थंडोबाची विचारपूस केली.

"कोपऱ्यावर ते मोठं दुकान झालंय ना साहेब," तो म्हणाला, "तिथं फ्रीजर लावलाय. लोक डबेच्या डबे नेतात घरी. यंदाचा उन्हाळा काढू. मग बघू."

"बघू म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू."

कप हातातच वितळला. निरोपसमारंभात माझ्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. आज जिना चढताना आलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही.

१४ मार्च

रडत बसणारा मी नव्हे. 'आईस्क्रीमगाडी संरक्षण व संवर्धन समिती' आज आमच्या बैठकीच्या खोलीत स्थापन झाली. अध्यक्ष मी. सदस्य दोन. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझे निम्मे पेशंट त्या गाडीनेच पाठवलेत. उपकार फेडायला नकोत?" दुसऱ्या सदस्या समोरच्या इमारतीतल्या गाण्याच्या बाई.

नावात आधी संरक्षण घ्यायचं की आधी संवर्धन, यावर कसून चर्चा झाली. चर्चा ऐन रंगात असताना गाडी आली आणि गेली. शिस्त म्हणून कुणी उठलं नाही. डॉक्टर मात्र खिडकीकडे बघत होते आणि त्यांनी दोनदा ओठ चाटले. इतिवृत्तात मी ते घेतलं नाही.

२१ मार्च

दुसरी सभा. गाडीला समितीतर्फे काय भेट द्यावी हा विषय.

गाण्याच्या बाई उभ्याच राहिल्या. "मी इतकी वर्षं सोसलंय. ते गाणं घरापर्यंत येतं आणि उंबरठ्यावर बसून राहतं. आत येतच नाही! कानाला ठसठस लागते हो. तो शेवटचा सूर एकदाचा बसवा."

खरंच की! अपुरं माप म्हणजे अपुरं माप, मग ते तेलाचं असो की गाण्याचं. पाव किलोत चिमूटभर कमी भरलं म्हणून मी लोकांची दुकानं बंद केली, आणि माझ्या डोक्यावरून रोज गाणं एका सुराने कमी भरत जात होतं, तरी मी कप चाटत बसलो होतो!

"एक दातच बसवायचा आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "माझा कवळीवाला कारागीर काय पाहिजे ते घडवतो."

ठराव एकमताने मंजूर.

चहा घेऊन आलेल्या सौ.ने मध्येच तोंड घातलं. "त्या थंडोबाला विचारलंत का?"

"आश्चर्याची भेट आहे. विचारून आश्चर्य होत नाही."

"मग गल्लीला तरी विचारा."

समिती म्हणजेच गल्ली, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकू नका," आणि बिस्किटांची बशी परत घेऊन गेली. डॉक्टरांचं बिस्कीट निम्म्यात राहिलं.

२ एप्रिल

सोहळा उत्तम झाला. थंडोबाला "गाडी तपासायची आहे" असं सांगून कालच पेटी काढून घेतली होती. माझ्या तोंडून 'तपासणी' शब्द आला की अजूनही माणसं काही विचारत नाहीत. कारागिराने दात झकास बसवला. गाण्याच्या बाईंनी सूर तपासला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "पोचलं एकदाचं!"

फीत कापली. पेटीवर समितीची पितळी पाटी ठोकली. आणि आता माझी स्वतःची कल्पना: पेटीच्या कडीला तार ओवून मी शिशाची मोहोर लावली. कचेरीतला माझा मोहोर दाबायचा जुना चिमटा आठवण म्हणून मला दिला होता, तो कामी आला. तराजूवरची मोहोर तोडणाऱ्याची मी काय गत करायचो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा आता या दाताला हात लावायची कुणाची छाती होणार नाही.

गाणं वाजलं. टिंग टिंग टिडिंग, टिंग टिंग टिडिंग, टिंग टिडिंग, ट्याँव! काटेकोर. भरगच्च. पुरं माप.

थंडोबाने टोपी काढून डोकं खाजवलं. "आवाज पुरा झाला खरा, साहेब. पण मग आता वरून कुणी..."

"आता कुणालाही घसा ताणायची गरज नाही," मी म्हणालो.

"बघू," तो म्हणाला. आनंदाने त्याला शब्द सुचत नव्हते.

३ एप्रिल

गाडी आली. गाणं आपल्या आपण पुरं झालं. सौ. टोपली घेऊन खिडकीशी आली, तोवर गाडी पुढच्या इमारतीपाशी गेलेली. नवीन दाताच्या कौतुकात त्याचं लक्ष नसेल.

"तू आज ट्याँव केलं नाहीस," मी सहज म्हणालो.

"यंत्र ओरडतंय की. दोघांनी कशाला ओरडायचं?" तिने टोपली खुंटीला अडकवली, जरा जोरातच.

८ एप्रिल

गाडी आजही खिडकीखाली थांबली नाही. सलग हा प्रकार चालू आहे. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तो माणूस मान राखायलाही तयार नाही. उपकाराची फेड अपकाराने, दुसरं काय!

मी गॅलरीतून नीट निरीक्षण केलं. गाडी गल्लीभर रेंगाळत जाते. थंडोबा खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत असतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कुणी हाक मारली आहे आणि नेमकी कुठून ते कळलेलं नाही अशा चेहऱ्याने. लोक चपला घालून खाली येईपर्यंत गाडी वळणापलीकडे. समोरच्या गाण्याच्या बाईसुद्धा धापा टाकत फाटकापर्यंत आल्या आणि रिकामं भांडं पदराआड लपवून परत गेल्या.

मानेचं काही दुखणं असेल का त्याला? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मान माझ्याकडे येत नाही."

२० एप्रिल

गाडीपाशी गर्दी दिसेनाशी झाली. समितीने तातडीची सभा घेऊन कारण शोधलं: जनतेची उदासीनता. उपाय म्हणून 'आईस्क्रीम खा, गाडी जगवा' असे फलक लावले आणि अध्यक्षांनी हिरवा झेंडा घेऊन प्रत्येक इमारतीपुढे गाडी थांबवावी असं ठरलं.

आज मी झेंडा दाखवला. गाडी थांबली. आतून कुणी आलं नाही. पुढच्या इमारतीपुढे दाखवला. एक आजी खिडकीत येऊन म्हणाल्या, "आमच्याकडे नको आहे हो, घसा बसलाय." तिसऱ्या इमारतीपुढे थांबलो असताना पहिल्या इमारतीतून दोघीजणी धावत आल्या आणि गाडी कुठे आहे म्हणून मलाच रागावल्या. मी त्यांना झेंड्याची पद्धत समजावून सांगत होतो, पण त्या सरळ कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेल्या.

लोकांना किंमतच नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, "तो पूर्वी बरोबर दारात थांबायचा ना सगळ्यांच्या?"

"थांबायचा."

"कसा थांबायचा, याचा विचार करा की जरा. कागद-पेन घ्या हवं तर."

मी कागद-पेन घेतलं. थंडोबाला स्मरणशक्तीचा त्रास सुरू झाला असावा, असा निष्कर्ष निघतो.

४ मे

न राहवून आज गाडीमागे धावलो. अध्यक्षाने धावू नये हे मला कळतं. पण गाडी वळणावर होती, दुपार टळटळीत होती आणि किती दिवसांत व्हॅनिलाचा कप हातात आलेला नव्हता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय घसरून गुडघ्यावर आपटलो. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. सौ.ने शेकायला गरम पिशवी दिली आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

९ मे

थंडोबा भेटायला आला. हातात कप होता, वर येईपर्यंत त्याचं दूध झालं होतं. मी ते पिऊन टाकलं.

खुर्चीच्या कडेवर बसून तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "साहेब, पुलापलीकडं नवी वस्ती झालीय. तिकडं जावं म्हणतो. इथल्या लोकांना आता आईस्क्रीम नको झालंय. कुणी बोलावतच नाही."

"कुणी बोलावत नाही म्हणजे? मी झेंडा घेऊन उभा होतो!"

"तुम्ही होता की," तो म्हणाला. मग भिंतीवर टांगलेल्या माझ्या चिमट्याकडे त्याची नजर गेली. "साहेब, ती पेटी... ती मोहोर जर का..."

"तिची काळजी नको," मी त्याला धीर दिला. "अस्सल शिसं आहे. दहा वर्षं हलणार नाही."

त्याने मान खाली घातली. "राहू दे मग. उद्या शेवटची फेरी घेतो. तुमचा निरोप घेतल्याशिवाय जायला बरं वाटेना, म्हणून आलो."

तो गेल्यावर सौ. दारातच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "गरीब बिचारा," ती म्हणाली. मला वाटलं, मला म्हणते आहे.

१० मे

जसं घडलं तसं लिहितो.

गुडघ्यामुळे मला खाली जाता येत नव्हतं. सौ.ने खुर्ची खिडकीशी लावून दिली आणि स्वतः आत गेली, बघवत नाही म्हणून. गाडी वळणावर आली. आज थंडोबाने वाद्य लावलंच नव्हतं. ती पिवळी गाडी मी मुकी कधी पाहिली नव्हती. ती हळूहळू येत होती आणि थंडोबा आता वरही बघत नव्हता, सरळ रस्त्याकडे बघत होता.

मला ताई आठवली. आईने लावलेली खिडकी आठवली. मला हुंदका यायचा होता, पण गाडीकडे बघून तोंडातून आलं ते वेगळंच.

"ट्याँव!"

फुटक्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मी स्वतःच दचकलो.

ब्रेक करकचून लागले. गाडी बरोबर माझ्या खिडकीखाली थांबली. थंडोबाचं डोकं बाहेर आलं, वर बघितलं, थेट माझ्याकडे, जराही न चुकता. चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

"बोला साहेब! नेहमीचं?"

मी नुसती मान डोलावली. तेवढ्यात समोरून अगदी सुरेल, ठेवणीतला "ट्याँव" आला. गाण्याच्या बाई खिडकीत होत्या आणि लाजून लाल झाल्या होत्या. "थांबतो बाई, इथंच थांबतो!" थंडोबा ओरडला. मग खालून डॉक्टरांचा घोगरा. मग पलीकडून त्या घसा बसलेल्या आजींचा, त्यात नुसती हवाच होती, तरी तो थंडोबाला कळला. "आलो, आजी!"

सौ. टोपली घेऊन धावत आली. दोरी सोडता सोडता म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला काय वाटत होतं, गाडी आपल्या खिडकीखाली का थांबते?"

मी म्हणालो, "हुद्द्याचा मान."

ती इतकी हसली, इतकी हसली की टोपली मधल्या मजल्यावर अडकली. मग डोळे पुसत म्हणाली, "मी ओरडत होते म्हणून थांबायची, अहो."

"मग महिनाभर सांगितलं का नाहीस?"

"त्या दिवशी सांगायला आले होते. समिती म्हणजेच गल्ली म्हणालात. मग म्हटलं, गल्लीला कळेल आपोआप."

सूर पुरा झाला तेव्हा हाक मारायची जागाच राहिली नव्हती. एवढी साधी गोष्ट. आणि वर मोहोर कुणी लावली, तर मी. लाज वाटली. कप मात्र दोन खाल्ले.

११ मे

थंडोबाने पुलापलीकडे जायचं तूर्त रहित केलं आहे. "बघू," म्हणाला, पण या वेळचं 'बघू' मला कळलं.

पेटी आमच्या जेवणाच्या टेबलावर आणली. मोहोर तोडायची वेळ आली तेव्हा थंडोबा दोन पावलं मागे सरला आणि कारवाई व्हायची असल्यासारखा उभा राहिला. उभ्या कारकिर्दीत मी असंख्य मोहोरा लावल्या, तोडली एकही नव्हती. चिमटा हातात धरून बसलो. शेवटी सौ.ने स्वयंपाकघरातली कात्री आणून तार कापली आणि ती परत भाजीच्या कामाला नेली.

डॉक्टरांनी सवयीप्रमाणे "दुखणार नाही" असं पेटीला सांगून दात उपटला. गाण्याच्या बाईंनी दात काढण्याच्या ठरावाविरुद्ध मत नोंदवलं, मग हळूच मला म्हणाल्या, "तसाही यंत्राचा सूर किंचित चढाच होता. माझा बरोबर लागतो." पितळी पाटी तशीच ठेवावी, असा माझा आग्रह होता. तेवढा मान्य झाला.

१९ मे

आठवडाभरातच खिडक्याखिडक्यांतून एकच गोंधळ सुरू झाला आहे. एकाच वेळी चारचारजण ओरडतात. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरूनही आज एक ट्याँव आला. हे असं चालणार नाही. कुठल्या इमारतीने कुठल्या वारी ओरडायचं, आवाज किती मोठा असावा आणि घसा बसलेल्यांना काय सवलत द्यावी, याचा मसुदा समितीपुढे ठेवण्यासाठी मी सकाळी तयार केला होता. सौ.ने तो न वाचताच घडी घालून टोपलीच्या तळाशी अंथरला, कप गळतात म्हणून. ओरडलो नाही. कप खरंच गळतात.

ती आता माझ्या खुर्चीमागे उभी आहे. आज पाळी कुणाची, यावरून सकाळपासून आमचा वाद चालू आहे. काल तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता, तेव्हा आज मी सावध आहे. लिहिता लिहिता एक कान रस्त्याकडे आहे. गाडी वळणावर आली. खिडकी मी आधीच उघडून ठेवली आहे. टिंग टिंग टिडिंग, टिंग टिंग टिडिंग, टिंग टिडिंग